पुणे की गोवा, हा प्रश्न नंतरचा

निवृत्तीनंतर कुठे स्थायिक व्हावं असं विचारणाऱ्या समलिंगी जोडप्यांच्या पत्रांत बहुधा दोन-तीन गावांची नावं आधीच लिहिलेली असतात. पुणे की गोवा? मुंबई सोडावी का? कोकणातली माणसं कशी आहेत? या सगळ्यामागे काळजी एकच असते, की तिथले लोक आम्हाला सुखाने राहू देतील ना. काळजी खरी आहे. पण लोकांचे स्वभाव गावागणिक बदलतात त्याहून जास्त जिन्यागणिक बदलतात. एखाद्या ‘पुढारलेल्या’ शहरात तुमचा सेक्रेटरी खवट निघू शकतो आणि तालुक्याच्या गावात समोरच्या काकू रोज वाटीभर आमटी पाठवू शकतात.

म्हणून आधी दुसरा प्रश्न विचारा. आपल्यापैकी एक गेला, तर मागे राहिलेल्याला याच घरात, हातात उरलेल्या पैशांत आणि याच शेजारात राहता येईल का? या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येईल ते गाव तुमचं.

कायद्याबद्दल निर्णयापुरतं एवढंच लक्षात ठेवा. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे तुम्ही एकत्र राहू शकता, एकत्र घर घेऊ शकता; पण नवरा-बायकोला जे आपोआप मिळतं, ते तुम्हाला एकेक कागद करून मिळवावं लागतं. हे कागद कोणत्याही गावात करता येतात. गाव बदलल्याने त्यांची गरज मात्र कुठेच संपत नाही.

खर्च एकट्याच्या उत्पन्नावर मांडा

बहुतेक जण दोघांचं उत्पन्न एकत्र धरून ‘परवडतं’ असं ठरवतात. इथेच घोटाळा होतो. समजा एकाला महिना ४५ हजार निवृत्तिवेतन आहे आणि दुसऱ्याचा लहानसा व्यवसाय होता, आता व्याजाचे १५ हजार येतात. साठ हजारांत दोघांचं पुण्यात नीट चालेल. पण निवृत्तिवेतन घेणारा आधी गेला, तर कुटुंब निवृत्तिवेतन जोडीदाराला मिळत नाही आणि घर १५ हजारांवर येतं. तेव्हा जागेचा मेन्टेनन्स किंवा भाडं, औषधं आणि कामाला येणाऱ्या मावशींचा पगार या तीन गोष्टी लहान उत्पन्नातून भागतील असंच गाव आणि तेवढीच जागा निवडा. दोन बेडरूमचा मोह इथे बऱ्याचदा महागात पडतो.

पैशांच्या बाबतीत आणखी काही:

- ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत संयुक्त खातं फक्त पती-पत्नीला काढता येतं. तुम्ही दोघांनी साठीनंतर वेगवेगळी खाती काढा, प्रत्येकी ३० लाखांपर्यंत, आणि एकमेकांना नॉमिनी करा. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत मात्र नात्याची अट नाही. तिथे संयुक्त खात्याची मर्यादा १५ लाख आहे.
- बँकेत संयुक्त खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही, असा खुलासा केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी केला आहे. शाखेत कुणी कां-कूं केलं तर या खुलाशाची प्रत पुढे करा. खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचंच हवं.
- प्राप्तिकराच्या दृष्टीने जोडीदार ‘नातेवाईक’ नाही. त्यामुळे एका वर्षात ५० हजारांहून जास्त रक्कम त्याला भेट दिली, तर ती त्याचं उत्पन्न धरली जाते. या फरकाला एका समलिंगी जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. मृत्युपत्राने मिळणाऱ्या रकमेला हा कर लागत नाही.
- सत्तरी ओलांडली असेल तर उत्पन्नाची अट न लागता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. पसंत केलेल्या गावाजवळचं कोणतं रुग्णालय हे कार्ड घेतं, हे घर बघायच्या आधी विचारा.

गावांबद्दल, मोकळेपणाने

मुंबईत माणसं आहेत, घर परवडत नाही. १९९४ पासून काम करणारा हमसफर ट्रस्ट तिथे आहे, मोठी रुग्णालयं आहेत आणि कोण कुणाबरोबर राहतं याची चौकशी करायला शेजाऱ्याला वेळ नाही. या शेवटच्या गोष्टीला कमी लेखू नका. बदलापूर, विरार, पनवेल हे पर्याय स्वस्त खरे, पण सत्तरीत लोकलने केईएम रुग्णालयात जाणं आणि चाळिशीत ऑफिसला जाणं यात फार फरक आहे.

पुणे मला अजूनही सगळ्यांत सावध आणि शहाणा पर्याय वाटतो. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला, तेव्हापासून या विषयावर मराठीतून बोलणारी, लिहिणारी, मदत करणारी माणसं या शहरात आहेत. उतारवयात मदत मागायची वेळ येते तेव्हा ती स्वतःच्या भाषेत मागता येणं मोठी गोष्ट असते. कोथरूड-डेक्कनचा हट्ट सोडलात, तर रुग्णालयांपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर बेताच्या किमतीची घरं मिळू शकतात.

नागपूरचं नाव पत्रांत क्वचित येतं, ते यायला हवं. घरं मुंबई-पुण्याच्या मानाने स्वस्त, मिहानला एम्स, आणि सारथी ट्रस्टसारखी समलिंगी व पारलिंगी व्यक्तींसाठी काम करणारी संस्था शहरातच. उन्हाळा सोसवतो का, हे मात्र मे महिन्यात जाऊन पाहा. डिसेंबरात संत्र्यांच्या दिवसांत जाऊन ठरवू नका.

आता गोवा. गोव्याचा मोकळेपणा आपण पर्यटक म्हणून अनुभवलेला असतो, म्हणजे पैसे मोजून. हॉटेलवाला दोन पुरुषांना एक खोली हसतमुखाने देतो. तोच वाड्यावरचा शेजारी म्हणून कसा वागेल, हे त्यावरून कळत नाही. किनाऱ्यालगतच्या गावांत आणखी एक अडचण आहे. हंगामात पर्यटकांकडून कितीतरी जास्त भाडं मिळत असल्याने घरमालकाला बारमाही भाडेकरू नकोसा असतो. गोवाच हवा असेल तर फोंडा, मडगाव, म्हापसा अशा नांदत्या गावांत शोधा. फोंड्याच्या बाजूला मराठी वर्तमानपत्रं, नाटकं, भजनं सगळं भेटेल. तिथल्या वारसा कायद्यातली एक खोच पुढे सांगितली आहे, ती वाचल्याशिवाय टोकन देऊ नका.

गोव्याची ओढ आहे पण खिसा परवानगी देत नाही, अशांनी सावंतवाडी पाहावी. सिंधुदुर्गातले रुग्ण मोठ्या आजारात तसेही बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातच जातात. तुम्ही महाराष्ट्राचे रहिवासी राहाल, कागदपत्रांची पद्धत ओळखीची राहील आणि पणजी साधारण दीड तासावर असेल. खोट एवढीच, की गाव लहान आहे. पहिल्या महिन्यात सगळ्यांना सगळं कळेल. कळल्यानंतर ते त्याबद्दल बोलायचेही थांबतात, पण मधला काळ तुम्हाला झेपायला हवा.

कोकणात किंवा मावळात ‘चार गुंठे घेऊन छोटं घर बांधू’ म्हणणाऱ्यांसाठी दोन इशारे. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला सहसा शेतजमीन घेता येत नाही. बिगरशेती झालेलाच प्लॉट घ्या. आणि सातबाऱ्यावर दहा-बारा सहहिस्सेदारांची नावं असतील, तर भाव कितीही चांगला असला तरी नमस्कार करून निघा. स्वतःच्या मूळ गावी परतणार असाल तर तिथे आपुलकीबरोबर पुतणेही असतात, हेही लक्षात घ्या.

घर विकत घेताना: दोघांची नावं, पहिल्याच दिवशी

‘आत्ता माझ्या नावावर घेऊ, नंतर त्याचं नाव लावू’ असं करू नका. महाराष्ट्रात नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांना राहतं घर बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. जोडीदार या यादीत नाही, त्याला विक्रीइतकंच शुल्क भरावं लागतं. त्यामुळे खरेदीखतातच दोन्ही नावं, हिश्श्यासकट, आणि प्रत्येकाने आपला हिस्सा आपल्या खात्यातून भरलेला असावा. दोन स्त्रिया मिळून घर घेत असतील तर एक फायदाही आहे: सगळ्या खरेदीदार स्त्रियाच असतील तर राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सरकारच्या मनात अर्थातच दुसरं काही असणार, पण सवलत तुमचीही आहे.

सोसायटीत सेक्रेटरी ‘असोसिएट मेंबर करून टाकू’ म्हणेल. सहकारी संस्था कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर असोसिएट मेंबर, म्हणजे सहयोगी सभासद, यासाठी नवरा-बायको, आईवडील, भावंडं, मुलं, सून-जावई, पुतणे-भाचे अशी नात्यांची यादी आहे. तुमचा जोडीदार त्यात बसत नाही. तुम्हाला हवं ते आहे संयुक्त सभासदत्व, म्हणजे जागेत हक्क आणि हितसंबंध असलेला सहमालक. खरेदीखतात दोघांची नावं असली की ते मागता येतं.

इथे तीन गैरसमज वारंवार दिसतात.

- ‘दोघांच्या नावावर आहे, म्हणजे एकाच्या मागे दुसऱ्याचं.’ तसं नाही. खरेदीखतात वेगळं काही लिहिलं नसेल, तर गेलेल्याचा अर्धा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. मग तुम्ही आणि त्याचा धाकटा भाऊ एकाच फ्लॅटचे सहमालक होता.
- ‘नॉमिनेशन केलंय.’ नॉमिनी हा मालक नसतो. खऱ्या वारसापर्यंत मालमत्ता पोचवणारा विश्वस्त असतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. तो वाद ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरून झाला होता. सोसायटीतही नॉमिनीला तात्पुरतंच सभासदत्व मिळतं. नॉमिनेशन कराच, पण त्यावर विसंबू नका.
- ‘कागदावर मावसभाऊ लिहिलंय, काही बिघडत नाही.’ बिघडतं. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण करारात, रुग्णालयाच्या फॉर्मवर किंवा विम्यात खोटं नातं लिहू नका. उद्या खरे नातेवाईक कोर्टात गेले तर हा एक शब्द तुमचे बाकीचे खरे कागदही संशयास्पद करतो. ‘मित्र’, ‘सहमालक’, ‘जोडीदार’ यांतलं कोणतंही चालेल.

मृत्युपत्र: टाळाटाळ इथे सर्वांत जास्त

मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने अविवाहित पुरुषाची मालमत्ता आई, मग वडील, मग भावंडं या वाटेने जाते. जोडीदार त्या वाटेवर कुठेच नाही, मग तुमचा संसार तीस वर्षांचा का असेना. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही करून मृत्युपत्र होतं. त्याला मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरीही तुम्ही ती कराच. साक्षीदार तुमच्याहून तरुण असावेत. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नसावा. सही करण्याच्या दिवशीचं डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडा. आणि एक वाक्य जरूर लिहा: भावंडांना काही दिलेलं नाही ते विसरून नव्हे, जाणूनबुजून.

घरच्यांशी बरे संबंध असतील तर मधला मार्गही आहे. जोडीदाराला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क द्यायचा आणि त्याच्यानंतर घर भाचीला. अशा मृत्युपत्राला घरून कमी विरोध होतो, असं वकीलही सांगतील. हयातीतच पुतण्याला घर लिहून देणार असाल, तर बक्षीसपत्रातच सांभाळण्याची अट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अट मोडली तर हस्तांतर रद्द करून मागता येतं. नुसत्या तोंडी शब्दावर ते अवघड होतं.

दोन अपवाद. तुम्ही मुस्लिम असाल तर वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशच मालमत्ता देता येते. बाकीचा विचार हयातीतल्या हिब्याने, म्हणजे बक्षीस देऊन, करावा लागतो. आणि तुम्ही मूळ गोव्याचे असाल तर तिथल्या वारसा कायद्यात मुलं, आईवडील अशा सक्तीच्या वारसांसाठी अर्धी मालमत्ता राखीव असते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही हा कायदा लागू होतो. आई हयात असेल तर पुण्यातला फ्लॅट अख्खा जोडीदाराच्या नावे करून जाता येईल, असं गृहीत धरू नका.

अमेरिका-कॅनडातून परतणाऱ्या जोडप्यांना वेगळं सांगायला हवं. तिथलं लग्नाचं प्रमाणपत्र इथल्या घराच्या वारसाहक्कासाठी कामाचं नाही. इथल्या मालमत्तेचं मृत्युपत्र इथेच करा.

रुग्णालयाच्या दारात

तातडीच्या वेळी उपचार नाकारता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे सांगून ठेवलं आहे. रुग्ण शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच. अडतं ते मधल्या अवस्थेत, जेव्हा रुग्ण बेशुद्ध असतो आणि काउंटरवरून ‘रक्ताचं कोण आहे?’ असा प्रश्न येतो. त्यासाठी धडधाकट असतानाच ज्या रुग्णालयात जाणार तिथल्या डॉक्टरांना दोघांनी मिळून भेटा आणि ‘वैद्यकीय निर्णयांसाठी माझा प्रतिनिधी हा’ असं सहीचं पत्र फाइलला लावून घ्या. डॉक्टरांनी ते कसं घेतलं, यावरून त्या गावाबद्दल बरंच काही कळेल. मी तर म्हणेन, घराच्या एजंटला भेटण्याआधी ही भेट घ्या.

जगण्याची आशा उरली नसताना उपचार कुठवर करायचे हे सांगणारं वैद्यकीय इच्छापत्र आता मॅजिस्ट्रेटऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रक्रिया सोपी केली. निकालाची भाषा ‘पालक किंवा जवळचे नातेवाईक’ अशी आहे, म्हणून जोडीदाराचं नाव स्पष्ट लिहा आणि दुसरं नाव समजूतदार भावंडाचं घाला. मानसोपचारांसाठी मात्र २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट आहे. त्यात कोणाही प्रौढाला आपला प्रतिनिधी नेमता येतं, नातं लागत नाही.

कुलमुखत्यारपत्राबद्दल सावध राहा. ‘सगळे अधिकार त्याला दिलेत’ म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. पण देणाऱ्याची बुद्धी चालेनाशी झाली की ते पत्रच संपतं. स्मृतिभ्रंशात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, ते उपयोगाचं नाही. मग उच्च न्यायालयातून पालकत्व घ्यावं लागतं. संयुक्त खातं आणि सहमालकी आधीपासून असेल तर निदान रोजचे व्यवहार अडत नाहीत.

मृत्यूनंतर पार्थिव ताब्यात घेण्याबद्दल, जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला ते मिळावं अशा आशयाचं पत्र केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये राज्यांना पाठवलं आहे. नातेवाईक हजर असतील तर हे पत्र पुरेसं पडेलच असं नाही. अंत्यसंस्कार कोणी करायचे, हे मृत्युपत्रापेक्षा वेगळ्या कागदावर लिहून घराच्या फाइलमध्ये ठेवा, कारण मृत्युपत्र बहुधा तेराव्यानंतरच उघडलं जातं.

ज्येष्ठांच्या वसाहतीत जाणार असाल

पुण्यातली अथश्री, नेरळजवळची डिग्निटी लाइफस्टाइल अशा जागा अनेकांच्या मनात असतात. जागा पाहून झाली की माहितीपत्रक बाजूला ठेवून कार्यालयात हे विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या:

- ‘जोडपं’ म्हणजे फक्त पती-पत्नी का? दोन मित्र किंवा दोन मैत्रिणी एका घरात चालतात का?
- एक गेल्यावर दुसऱ्याला त्याच घरात राहता येतं का? डिपॉझिट कुणाला परत मिळतं?
- दुसऱ्याचं वय ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर काय?
- आजारपणात वेगळ्या विभागात हलवलं, तर भेटायला ‘कुटुंबीय’ म्हणून कुणाला सोडतात?

महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम घालून दिले आहेत: दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद, एकाहून जास्त मजले असतील तर लिफ्ट, चाकाच्या खुर्चीला वाट, अशा गोष्टी विक्री करारातच हव्यात. प्रकल्प नोंदलेला आहे का, ते पाहा.

सांगायचं की नाही

सांगण्याची सक्ती तुमच्यावर कुठलाही कायदा करत नाही. सगळ्या सोसायटीला सांगण्यापेक्षा तीन माणसांना खरं माहीत असू द्या: एक डॉक्टर, एक शेजारी, एक वकील. घरकामाच्या मावशींना सांगायची गरज नसते, त्यांना ठाऊक असतं. कुणी ‘सगळ्यांना सांगेन’ म्हणून पैसे मागितले तर ती खंडणी आहे. पैसे देऊ नका, मेसेज जपून ठेवा, पोलिसांत लेखी तक्रार द्या. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.

राहून पाहा, तेही पावसाळ्यात

गाव पक्कं वाटलं तरी आधी अकरा महिने भाड्याने राहा. लिव्ह अँड लायसन्स करारावर दोघांची नावं लायसन्सी म्हणून घाला. एकाचंच नाव असेल तर तो रुग्णालयात असताना दुसऱ्याला ‘तुम्ही कोण?’ विचारायला मालक मोकळा असतो. महाराष्ट्रात या कराराची नोंदणी बंधनकारक आहे, ती मालकाच्या सोयीसाठी टाळू देऊ नका. पोलीस पडताळणीचा फॉर्म भरला जाईल. त्याला घाबरायचं कारण नाही, तो सगळ्याच भाडेकरूंचा भरला जातो.

या काळात जून ते सप्टेंबर येऊ द्या. वीज किती वेळ जाते, रात्री दोन वाजता रिक्षा मिळते का, एक जण तापाने पडला तर कोण चौकशीला येतं, हे पाहा. ते जमलं की मग घरं बघायला लागा. तोवर जुनं घर विकू नका.